गडवाटांच्या जीपीएक्स फाइलींची आपोआप यादी: पीएचपीतलं काम कुठवर आलं

फोल्डरमध्ये फाइल टाकली की ती पानावर दिसली पाहिजे, एचटीएमएलला हात लावावा लागू नये, एवढंच या स्क्रिप्टचं काम. गडवाटांच्या जीपीएक्स फाइलींची (जीपीएसवर नोंदलेल्या वाटांच्या) यादी आता तशी चालते आहे. सर्व्हर लिनक्सचा, पान बनवणारी भाषा पीएचपी ८, आणि तिचं वेगवेगळ्या भाषा हाताळणारं इन्टल एक्स्टेन्शन (जोड) सुरू.

सांगाडा दहाबारा ओळींचा. स्कॅनडिर फंक्शन फोल्डरमधली सगळी नावं देतं. टिंबाने सुरू होणाऱ्या नोंदी गाळायच्या आणि फाइलच्या नावाच्या शेवटचं एक्स्टेन्शन जीपीएक्स किंवा पीडीएफ असेल तेवढ्याच ठेवायच्या. वगळायच्या प्रकारांची यादी करू नका. उद्या कोणी डेटाबेसचा बॅकअप तिथे विसरला तर तोही जगाला दिसेल.

खरं काम निघालं ते मराठी नावांमुळे. स्कॅनडिर नावं बाइटच्या, म्हणजे अक्षरांच्या संगणकातल्या अंकांच्या, क्रमाने लावतं, त्यामुळे ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’च्या मध्ये घुसतो. आकड्यांसाठी नॅटकेससॉर्ट हे फंक्शन वापरलं, पण त्याला फक्त इंग्रजी आकडे (1, 2, 3) कळतात. ‘टप्पा-१०’ हा ‘टप्पा-२’च्या आधीच राहिला. उपाय म्हणजे इन्टलमधला कोलेटर, म्हणजे भाषेप्रमाणे क्रम लावणारं साधन: लोकेल (भाषेची निवड) मराठीचं द्यायचं आणि न्यूमेरिक कोलेशन (आकडे संख्या म्हणून लावणं) चालू करायचं. ‘ळ’ आपल्या वर्णमालेप्रमाणे ‘ह’नंतर जातो आणि देवनागरी आकडेही सरळ लागतात. मराठी यादी मराठी क्रमानेच लागायला हवी, इथे तडजोड नको.

मग ‘रायगड-पायऱ्या’ दोनदा दिसू लागली. डोळ्यांना अक्षर न् अक्षर सारखं, पण लांबी बाइटमध्ये देणाऱ्या स्ट्रलेनने मोजल्यावर जीपीएक्स एक्स्टेन्शनसकट एक नाव ४१ बाइटचं, दुसरं ४४. फरक ‘ऱ’मध्ये. एकात तो सलग एक अक्षर, तीन बाइट. दुसऱ्यात ‘र’ आणि खालचा नुक्ता (टिंब) वेगळे, मिळून सहा. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टम नावं अशी फोडून ठेवते आणि लिनक्स बाइट जसेच्या तसे जपतो. म्हणून तुलना, शोध आणि दुहेरी नावं पकडण्यासाठी इन्टलमधल्या नॉर्मलायझरने नावाचं फॉर्म सी, म्हणजे जोडलेल्या अक्षरांचं एकच ठरलेलं रूप, करून घ्यायचं. लिंकमध्ये मात्र डिस्कवरचंच मूळ नाव द्यायचं. लिंकही नॉर्मलाइझ केली की ४०४ (‘पान सापडलं नाही’) ठरलेला.

लिंकमधलं नाव वेबपत्त्याला चालेल अशा रूपात बदलायला रॉयूआरएलएनकोड. साधं यूआरएलएनकोड स्पेसच्या जागी अधिकचं चिन्ह टाकतं आणि पत्त्यातल्या फाइलच्या वाटेत (पाथमध्ये) ते चिन्ह तसंच राहतं, फाइल सापडत नाही. पानावर छापायचं नाव एचटीएमएलस्पेशलकॅर्समधून काढायचं, म्हणजे नावातली खास चिन्हं एचटीएमएल समजली जात नाहीत. नावं लांबवू नका: लिनक्सच्या एक्सटी४ फाइल सिस्टमवर मर्यादा २५५ बाइटची आहे, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हं, आणि त्यात काना-मात्राही मोजल्या जातात.

तारखेसाठी फाइल शेवटची कधी बदलली ते सांगणारं फाइलएमटाइम आहे. टाइमझोन एशिया/कोलकाता न ठेवल्यास पीएचपी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची यूटीसी वेळ धरतं, आणि पहाटे साडेपाचच्या आत चढवलेल्या फाइलीवर आदल्या दिवसाची तारीख पडते. शिवाय बऱ्याचदा ही वेळ अपलोडची असते, ट्रेकची नव्हे. ट्रेकची तारीख नावातच वर्ष-महिना-दिवस अशी लिहिलेली बरी.

उपफोल्डर बाकी आहेत. पत्त्यातून आलेलं फोल्डरचं नाव, खरा पूर्ण पाथ देणाऱ्या रिअलपाथमधून काढून ते मूळ फोल्डरच्याच आत आहे ना, हे तपासायचं, म्हणजे कोणी बाहेरच्या फाइली पाहू शकणार नाही. तुलना करताना मूळ पाथच्या शेवटी तिरपी रेघ हवीच, नाहीतर ‘गड’च्या तपासणीत शेजारचा ‘गड-जुने’ फोल्डरही पास होतो.