गच्चीवर आखलेलं घर

नव्या घराचा पहिला नकाशा हातात आला, त्याच्या पंधरा दिवस आधी नाना, म्हणजे माझे सासरे, बाथरूममध्ये पडले. खुब्याचं हाड मोडलं. आम्ही तेव्हा दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर वळेना. शेवटी नानांना खुर्चीत बसवलं, चादरीने खुर्चीला बांधलं आणि चौघांनी उचलून खाली आणलं. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी करावी लागायची आणि नाना डोळे गच्च मिटून घ्यायचे. ऑपरेशन होऊन ते घरी आले ते वॉकर घेऊन, आणि तो वॉकर बाथरूमच्या दारातून आत जाईना. मी टेप लावली. वॉकर २४ इंच, दार पूर्ण उघडल्यावर मोकळी जागा २२ इंच. त्या दोन इंचांपायी पुढचे दोन महिने नानांना बाथरूमच्या दारापाशी वॉकर सोडून मुलाच्या खांद्यावर भार टाकून आत जावं लागलं. आयुष्यभर कुणाकडे काही न मागितलेल्या माणसाला ते किती जड गेलं, हे मी रोज बघत होते.

आणि नवा नकाशा काय सांगत होता? खाली मोठा हॉल, स्वयंपाकघर, पाहुण्यांसाठी एक छोटं टॉयलेट. झोपायच्या सगळ्या खोल्या वर. हॉलचं छत थेट दुसऱ्या मजल्यापर्यंत उंच, कारण नवऱ्याने तसा हॉल कुठेतरी पाहिला होता आणि तो त्याच्या मनात बसला होता. भविष्याचा विचार आम्हीही केलाच होता, पण तो एवढाच: मुलं मोठी होतील, तर एक खोली जास्त असू दे.

आर्किटेक्ट मॅडमना मी नानांबद्दल सांगितलं. त्यांनी नकाशा बाजूला सरकवला आणि एक कोरा कागद पुढे केला. म्हणाल्या, "खोल्या किती हव्यात ते नंतर बघू. आधी या घरात पुढे काय बदलता येणार नाही ते लिहू." रंग, कपाटं, दिवे, अगदी फरशीसुद्धा बदलता येते. पण कॉलम कुठे उभे आहेत, बीम कुठून गेलेत, जिना किती चढा आहे, सांडपाण्याचे पाइप कोणत्या भिंतीतून उतरतात, जोतं किती उंच आहे, दारं किती रुंद आहेत, या गोष्टी एकदा झाल्या की झाल्या. माझं घर खऱ्या अर्थाने त्या कागदावर सुरू झालं. त्याआधी मी खोल्या मोजत होते. त्यानंतर प्रत्येक गोष्टीला मी एकच प्रश्न विचारायला लागले: हे पुढे बदलायचं झालं तर काय तोडावं लागेल?

नकाशावर मला अंदाज येत नव्हता. १२ बाय १४ ची खोली कागदावर ऐसपैस दिसते. म्हणून एका रविवारी आम्ही इमारतीच्या गच्चीवर खडूने तळमजला खऱ्या मापात आखला. पलंगाच्या जागी खोक्यांचे पुठ्ठे कापून ठेवले. तोवर नानांना जिना चढायची परवानगी नव्हती, म्हणून त्यांचा वॉकर घेऊन मीच चालले. खाटेवरून उठायचं, वॉकर फिरवायचा, खोलीच्या दारातून बाहेर पडायचं, पॅसेजमध्ये वळायचं, बाथरूममध्ये जायचं. पॅसेज ३ फुटांचा होता. सरळ चालताना अडचण नव्हती, पण दाराकडे वळताना वॉकरचे मागचे पाय प्रत्येक वेळी खडूच्या रेषेबाहेर जायचे. म्हणजे भिंतीत. मॅडमनी सांगितलं, व्हीलचेअर असेल तर याहून वाईट होईल; तिला जागच्या जागी पूर्ण फिरायला ५ फुटांचं वर्तुळ लागतं. आम्ही तिथेच ओल्या फडक्याने रेषा पुसली आणि पॅसेज ४ फुटांचा केला. ते एक फूट हॉलमधून गेलं. थोरला तेव्हा ९ वर्षांचा होता आणि धाकटी ६ वर्षांची. दोघं त्या आखलेल्या दारांतून आत-बाहेर करत होते आणि चुकून भिंतीवर पाय पडला की ओरडत होते. त्या एका संध्याकाळी जेवढं कळलं, तेवढं महिनाभर नकाशावर डोळे लावूनही कळलं नव्हतं.

दारांचा धडा वेगळाच. मी समजत होते, ३ फुटांचं दार सांगितलं की ३ फूट मोकळी जागा मिळते. तसं नसतं. विटकामात सोडलेल्या ३ फुटांतून दोन्ही बाजूंची चौकट जाते, मग उघडलेल्या फळीची जाडी जाते, आणि हातात साधारण ३० इंच उरतात. व्हीलचेअर सहज जायला निदान ३२ इंच मोकळे हवेत. म्हणून विटकामातच ४० इंच सोडायला सांगितलं, तेही खालच्या प्रत्येक दाराला. ठेकेदाराने नेहमीच्या सवयीने दोन ठिकाणी ३६ इंच सोडले होते. भिंत कमरेएवढी आली असताना टेप लावल्यामुळे सापडलं. त्यानंतर मी टेप पर्समध्येच ठेवायला लागले.

सगळ्यात जास्त वाद जिन्यावर झाला. दोन मजल्यांमधलं अंतर १० फूट, म्हणजे १२० इंच. साडेसात इंचांची पायरी धरली तर १६ चढ होतात, ६ इंचांची धरली तर २०. पायरी बुटकी केली की पाय ठेवायची जागाही वाढवावी लागते, नाहीतर चाल बसत नाही. आम्ही ६ इंचांची पायरी धरली आणि पाय ठेवायला १० ऐवजी ११ इंच घेतले. दोन टप्प्यांच्या जिन्यात यामुळे लांबी जवळपास अडीच फुटांनी वाढली. नवऱ्याचा हॉल आधीच पॅसेजने खाल्ला होता, आता जिनाही आत येत होता. तो नाराज झाला आणि त्याची नाराजी मला कळत होती. आयुष्यात एकदाच बांधायचं घर, त्यातली एक हौस तो सोडत होता. पण मग त्यानेच खुर्ची खाली आणतानाचा दिवस आठवला. खुर्चीची मागची बाजू त्याच्या हातात होती. "वळण मोठं ठेवा," एवढंच तो मॅडमना म्हणाला. वळणाची जागा साडेतीन फुटांची झाली, आणि दोन्ही बाजूंना कठडा आला. उंच छताचा बेतही त्याने आपणहून सोडला. हॉलच्या डोक्यावर स्लॅब आला आणि वर एक खोली मिळाली.

नानांची खोली अर्थातच खाली आली. बाथरूम तिला लागून. त्या बाथरूमवर मी जितका वेळ घालवला तितका स्वयंपाकघरावरही नाही घातला. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं केलं, कारण आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्या अंगालाच अडतं आणि मदतीला जाणाऱ्याला आत शिरता येत नाही. नाना पडले तेव्हा आम्ही ते भोगलं होतं. आधाराचे दांडे कुठे बसवायचे ते आम्ही स्वतः नानांना विचारून ठरवलं. साधारण ३३ ते ३६ इंचांवर हात येतो. पण दांडा भिंतीने धरला पाहिजे. पोकळ किंवा हलक्या ब्लॉकच्या भिंतीत भारी वजन पेलणारा स्क्रू ढिला पडतो. म्हणून त्या उंचीवर भिंतीत काँक्रीटचा पट्टा घेतला, कमोडच्या बाजूलाही आणि शॉवरच्या बाजूलाही. वरच्या बाथरूममध्ये आज दांड्यांची गरज नाही, पण पट्टा तिथेही आहे. दांडा केव्हाही आणता येतो. पट्टा टाकायला भिंत फोडावी लागते.

उंबऱ्यावरून एकदा भांडण झालं. बाथरूमचं पाणी खोलीत येऊ नये म्हणून फरशीवाल्याने दीड इंचाची पट्टी बसवली, सगळीकडे बसवतात तशी. मी संध्याकाळी गेले तेव्हा ती सिमेंटमध्ये पक्की झाली होती. तो मनापासून सांगत होता की पट्टी नसेल तर पाणी बाहेर येणारच. मी काढायला लावली. पाणी अडवायचं काम उताराने आणि दाराजवळच्या जाळीच्या पन्हळीने करून घेतलं. बाथरूमचा स्लॅब आधीच खाली घेतलेला होता, म्हणून हे जमलं. पाय ओढत चालणाऱ्या माणसाला दीड इंच म्हणजे भिंत असते.

बाहेरच्या बाजूला जोतं १८ इंच वर होतं. उतार १ ला १२ हवा, म्हणजे इंचाला एक फूट, म्हणजे १८ फूट लांब रॅम्प. एवढी सरळ जागा समोर नव्हती. घराच्या कडेने रॅम्प नेला, मध्ये ५ फुटांची सपाट जागा ठेवून वळवला. कमी जागेत चढा रॅम्प करून देतो असं ठेकेदार म्हणत होता, पण चढ्या रॅम्पवर ढकलणाऱ्याचा हात सुटला तर काय, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना.

वरच्या मजल्याचा विचार उलट्या दिशेने केला. मुलांना दोन छोट्या खोल्या देण्याऐवजी एक मोठी दिली. पण तिला दोन दारं, दोन खिडक्या, दोन स्विचबोर्ड, पंख्याचे दोन हूक. एक दार कपाटामागे झाकून ठेवलं. मधोमध जिथे पुढे पार्टिशन येईल तिथे फरशीखाली पाइप नाही, छतात वायर नाही. लहान मुलांना एकत्र राहायचं असतं, मोठ्यांना वेगळं. आणि ती बाहेर पडली की आई-बापांना पुन्हा एकच खोली पुरते. या तिन्ही वेळांना तीच खोली उपयोगी पडावी एवढंच मला हवं होतं.

स्वयंपाकघर आणि बाथरूम मजल्यांवर एकाखाली एक घेतली, त्यामुळे पाण्याचे पाइप एकाच शाफ्टमधून, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीतून, उतरतात. खालच्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर आज धुण्याची जागा आहे, पण पाण्याचं आणि सांडपाण्याचं तोंड ओट्याच्या हिशेबाने काढून बंद केलंय. जिना हॉलच्या मधून न काढता मुख्य दाराशी घेतला. उद्या वरचा मजला मुलाला किंवा भाडेकरूला वेगळा द्यायचा झाला तर एक दार बसवलं की काम झालं. जिन्याशेजारी दोन्ही मजल्यांवर एकाच रेषेत ५ बाय ५ ची कोठी आहे. तिच्या भोवती चारही बाजूंनी बीम आहेत, म्हणजे मधला स्लॅब कापून तिथे लिफ्ट घालता येईल. सध्या तिथे गाद्या आहेत.

आणखी एक मजला चढवायचा विचार मनात होता. मला वाटायचं, गच्चीवर सळया सोडल्या की झालं. स्ट्रक्चरल इंजिनिअरांनी सांगितलं, सळया सोडणं हा शेवटचा भाग. तो मजला आधी पायाने आणि कॉलमने पेलायला हवा, म्हणजे हिशेब आजच धरायला हवा. आणि उघड्या सळया पावसात गंजतात. त्यांना सिमेंटचा लेप देऊन हलक्या काँक्रीटमध्ये झाकल्या. पुढे फोडून काढता येतील.

सगळं जमलं असं नाही. नानांच्या खिडकीची उंची मी नेहमीप्रमाणे ३ फूट मान्य केली होती. विटकाम झाल्यावर तिथे एक बुटकीशी खुर्ची टाकून बसले, तर समोर नुसती भिंत आणि वर आभाळाची पट्टी. दिवसाचे किती तास नाना इथे बसून किंवा पडून असतील! वरचे चार थर काढून खिडकी २ फुटांवर आणली, बाहेरून जाळी लावली. ओट्याचं मात्र राहून गेलं. बसून काम करता येईल असा एक तुकडा, खाली गुडघ्यांना मोकळी जागा असलेला, मी सोडायला हवा होता. सासूबाईंचे गुडघे आता दुखतात तेव्हा ते रोज जाणवतं.

एक गोष्ट कुणीही न सांगता सुचली आणि ती फार कामाची ठरली. प्लास्टर चढायच्या आधी, पाइप आणि वायरिंगच्या नळ्या बसल्यावर, मी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढले. कोपऱ्यापासून किती, जमिनीपासून किती. पंधरा-वीस रिकाम्या नळ्याही टाकून ठेवल्या होत्या, आत ओढायची तार घालून: गच्चीवरून मीटरपर्यंत सौर पॅनलसाठी, गाडी लावायच्या जागेपर्यंत चार्जरसाठी, नानांच्या खाटेशी घंटीसाठी. फोटोंची फाइल मी छापून मीटरच्या पेटीशेजारी ठेवली आहे.

राहायला येऊन चार वर्षं झाली. नाना वॉकरवरून काठीवर आले. संध्याकाळी रॅम्पने एकटे खाली उतरतात, मधल्या सपाट जागेवर थांबतात आणि कुणी हात पुढे केला तर नको म्हणतात. पहिल्या दिवशी बाथरूममधून बाहेर येऊन त्यांनी मला हाक मारली होती, "अगं, वॉकर अडला नाही बघ कुठे."

थोरला आता चौदाचा आहे. गेल्या महिन्यात जेवताना म्हणाला, "आई, मला माझी खोली हवी." परवा सुताराला बोलावून माप दिलं. कपाट हलवलं तर मागचं दार तसंच, नव्यासारखं, फक्त बिजागऱ्या घट्ट झालेल्या. धाकटीने दोन्ही हातांनी ढकललं तेव्हा उघडलं. सोमवारी पार्टिशन येतंय.