ओल्या लाकडापाशी सहा आठवडे

सागरी पुरातत्त्वाच्या प्रशिक्षणासाठी मी इंग्लंडला गेलो तो पाण्याखाली बुड्या मारायला मिळतील या आशेने. प्रत्यक्षात सहापैकी चार आठवडे एका थंडगार शेडमध्ये, पाण्याच्या टाकीशेजारी, ओकच्या जुन्या फळ्यांची रेखाटने करण्यात गेले, आणि त्याचे मला आज वाईट वाटत नाही.

पाणथळ चिखलात ऑक्सिजन फारसा पोहोचत नाही, त्यामुळे लाकूड खाणारी बुरशी व किडे तेथे जगत नाहीत. जिवाणू मात्र सावकाश सेल्युलोज, म्हणजे पेशींच्या भिंतींचा मुख्य घटक, संपवत राहतात आणि रिकाम्या जागेत पाणी भरते. फळी अखंड दिसते, पण तिचा आकार त्या पाण्यानेच धरून ठेवलेला असतो. ती उघड्यावर वाळली, तर पेशींच्या भिंती आत ओढल्या जाऊन फळी आक्रसते, तडकते, आणि पुन्हा भिजवून पूर्ववत होत नाही. म्हणून सतत पाण्याचा फवारा, मऊ ब्रश आणि बारीक कापलेली नखे, हा आमचा पहिला धडा होता.

रेखाटन मूळ आकाराएवढेच, पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मवर करायचे. गाठी, तासणीच्या खुणा, छिद्रे आणि चिरा यांना वेगवेगळे रंग. माझी पहिली फळी तीन दिवसांनी परत आली, कारण उत्खननानंतर पडलेली चीर मी हत्याराची खूण म्हणून रंगवली होती. तिरपा प्रकाश टाकल्यावर फरक कळला : चीर तंतूंच्या कलाने धावते, हत्यार तंतू तोडत जाते.

अखेरच्या आठवड्यात डोव्हर या किनारी शहराच्या संग्रहालयातील होडी पाहिली. १९९२ मध्ये रस्त्याच्या कामात जमिनीखाली सुमारे ६ मीटरवर सापडलेली ही कांस्ययुगीन होडी साधारण ३,५०० वर्षांपूर्वीची आहे. तिचा साडेनऊ मीटर भाग तुकडे कापून बाहेर काढला गेला. एक टोक इमारतींखालीच राहिले. पुढे हे तुकडे पॉलिएथिलीन ग्लायकॉल या पाण्यात विरघळणाऱ्या मेणासारख्या पदार्थाच्या द्रावणात मुरवून, गोठवून, निर्वातात वाळवले गेले. या पद्धतीत बर्फाचे पाणी न होता थेट वाफ होते आणि पेशी आत ओढल्या जात नाहीत.

या होडीत खिळा नाही. बाजूच्या फळ्या यू वृक्षाच्या पिळलेल्या फांद्यांनी शिवल्या आहेत, सांध्यांत शेवाळ ठासले आहे आणि टाक्यांची छिद्रे मेण व चरबीने बुजवली आहेत. आपल्याकडे फळ्या काथ्याने शिवत; गोव्यात अलीकडेच बांधलेली नौदलाची ‘कौंडिण्य’ ही शिडाची नौकाही तशीच. माझ्या मालवणी डोळ्यांना म्हणूनच ती शिवण परकी वाटली नाही.

वरच्या काठाशी मात्र मी बराच वेळ थांबलो. तेथील छिद्रांत फांद्यांची तुटकी टोके अडकलेली आहेत, कारण होडी टाकून देण्यापूर्वी कोणीतरी टाके कापून वरच्या फळ्या सोडवून नेल्या होत्या. सवयीने मी प्रकाश तिरपा पडेल अशा बाजूला सरकलो आणि ते काप निरखत राहिलो.