नरसिंह रावांचे मौन

पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव यांचे नाव निघाले की माझ्या पिढीतल्या बहुतेकांना आधी आठवतात ते व्यंगचित्रांतले त्यांचे पुढे आलेले, घट्ट मिटलेले ओठ. अनेक भाषा अस्खलित बोलणाऱ्या आणि साठी उलटल्यावर संगणक शिकून घेणाऱ्या या माणसाची देशाला राहिलेली ओळख मात्र काही न बोलणारा पंतप्रधान अशीच आहे. हा केवळ स्वभाव होता असे मला वाटत नाही. न बोलणे ही त्यांची राज्य करण्याची रीतच होती आणि त्यांच्या कारकिर्दीतले यश व अपयश ही दोन्ही त्या एकाच रीतीतून आली, असे माझे मत आहे.

आम्हा नागपूरकडच्या लोकांना ते पंतप्रधान होण्याआधी रामटेकचे खासदार म्हणून माहीत होते. विद्यार्थिदशेत त्यांचे नागपूर आणि पुणे या दोन्ही शहरांत वास्तव्य झाले होते, मराठी त्यांना उत्तम येत असे आणि हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली होती. त्यामुळे परप्रांतातला उमेदवार लादला गेल्याची तक्रार फार काळ टिकली नाही. १९८४ च्या निवडणुकीत ते हनमकोंडा आणि रामटेक अशा दोन ठिकाणी उभे होते. देशभर काँग्रेसची लाट असताना भाजपचे जे दोनच उमेदवार निवडून आले त्यांतल्या एकाने हनमकोंड्यात रावांना हरवले, आणि रामटेकने त्यांना वाचवले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिल्लीत शिखांचे शिरकाण झाले तेव्हा देशाचे गृहमंत्री हेच होते, ही गोष्ट त्यांच्या गौरवपर लेखांतून हटकून गळते. दिल्लीचे पोलीस केंद्रीय गृहखात्याच्या अखत्यारीत येतात, हे ध्यानात घेतले तर त्या दिवसांतली त्यांची शांतता माफ करणे अवघड आहे.

१९९१ ची लोकसभा निवडणूक त्यांनी लढवलीच नव्हती आणि दिल्लीतला मुक्काम हलवायच्या तयारीत ते होते. राजीव गांधींच्या हत्येनंतर पंतप्रधानपदाच्या स्पर्धेत शरद पवारांचेही नाव होते; पण ज्याच्यापासून कोणालाच धोका वाटत नव्हता तो माणूस निवडला गेला. २१ जून रोजी शपथविधी झाला तेव्हा परकीय चलनाचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरता होता आणि सरकारपाशी लोकसभेत बहुमतही नव्हते.

त्यांची रीत जवळून पाहायची असेल तर २४ जुलै १९९१ हा दिवस घ्यावा. उद्योग खाते रावांनी स्वतःकडे ठेवले होते. तरीही नव्या औद्योगिक धोरणाचे निवेदन लोकसभेच्या पटलावर ठेवले ते राज्यमंत्री पी. जे. कुरियन यांनी, आणि तेही त्याच संध्याकाळी मनमोहन सिंग अर्थसंकल्प मांडणार असताना. सगळ्यांचे डोळे अर्थसंकल्पाकडे लागलेले. इकडे त्या निवेदनाने अठरा उद्योग वगळता बाकी सर्वांवरचा परवाना रद्द करून टाकला होता. आकुर्डीच्या कारखान्यात वर्षाला किती स्कूटर काढायच्या हे दिल्लीतली फाईल ठरवत असे आणि गिऱ्हाईक नंबर लावून वर्षानुवर्षे थांबत असे, ती सारी व्यवस्था मोडीत काढणारे हे निवेदन सुरू कसे व्हावे, तर नेहरू, इंदिरा गांधी आणि राजीव गांधी यांच्या धोरणांचा गौरव करीत! आम्ही काही नवे करीत नाही, चालत आलेलेच पुढे नेत आहोत, असा त्याचा सूर होता. एखाद्या बोलक्या नेत्याने याच दिवशी इतिहास घडवल्याची घोषणा केली असती आणि स्वपक्षातल्याच समाजवाद्यांनी त्याला आठवडाभरात जेरीस आणले असते. श्रेय अर्थमंत्र्यांकडे गेले, आणि रावांनी ते जाऊ दिले.

हीच रीत ६ डिसेंबर १९९२ रोजी उघडी पडली. बाबरी मशिदीच्या रक्षणाची हमी कल्याणसिंह सरकारने सर्वोच्च न्यायालयाला दिली होती, केंद्राची निमलष्करी दले अयोध्येजवळ येऊन थांबली होती, आणि निवडून आलेले सरकार केवळ संशयावरून बरखास्त करणे घटनेत बसत नाही, असा बचाव रावांनी पुढे आपल्या पुस्तकातही मांडला. कायद्याच्या अंगाने त्या बचावात तथ्य आहे. पण पंतप्रधान म्हणजे काही वकील नव्हे. अंदाज चुकला तर काय, याची तजवीज करणे हेच त्याचे काम असते, आणि ती झाली नव्हती. त्यानंतरच्या दोन महिन्यांत मुंबईत जे घडले त्यात सुमारे नऊशे माणसे गेली.

पुढे प्रतिमा घसरतच गेली. जुलै १९९३ मधला अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला गेला आणि झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना त्यासाठी पैसे दिल्याचा आरोप झाला. २००० मध्ये विशेष न्यायालयाने रावांना दोषी ठरवले, २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांची मुक्तता केली. इतर खटल्यांतूनही ते सुटले. परंतु आरोपाची बातमी पहिल्या पानावर येते आणि सुटकेची आतल्या पानावर, हा आपल्या वृत्तपत्रांचा शिरस्ता त्यांच्याही वाट्याला आला. पक्षाने तर त्यांना जवळजवळ वाळीत टाकले. डिसेंबर २००४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा पक्षाच्या अकबर रोडवरील मुख्यालयाचे फाटक त्यांच्या पार्थिवासाठी उघडले गेले नाही. शववाहिका काही वेळ बाहेर थांबली आणि विमानतळाकडे गेली. अंत्यसंस्कार हैदराबादला झाले.

आता वारा फिरला आहे. तेलंगण सरकारने त्यांची जन्मशताब्दी थाटाने साजरी केली आणि ९ फेब्रुवारी २०२४ रोजी भाजपच्या सरकारने त्यांना भारतरत्न जाहीर केले. काँग्रेसला त्यांची अडचण होती म्हणूनच ते आज इतरांना हवेसे वाटतात, असा संशय मला येतो. सन्मानासाठी त्यांची योग्यता होती, हे मान्य करूनही. या घोषणेला महिना होण्याआधीच, ४ मार्च २०२४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या घटनापीठाने १९९८ चा एक निकाल एकमताने रद्द ठरवला. लाच घेऊन सभागृहात मत देणाऱ्या खासदाराला खटल्यापासून संरक्षण देणारा तो निकाल त्याच झारखंड प्रकरणातला होता, आणि कायद्याच्या पुस्तकांत तो 'पी. व्ही. नरसिंह राव विरुद्ध राज्य' या नावानेच शिकवला जातो.