सुरूर फाट्याचा चहा

"मेस्त्री, गाडी तुमच्यासमोर बंद पडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो," असं म्हणत काकांनी किल्ली टेबलावर ठेवली. गिऱ्हाईक असं बोललं की माझ्या पोटात गोळा येतो. बंद पडलेली गाडी परवडते. मर्जी झाली की बंद पडणारी आणि वीस मिनिटांनी काहीच झालं नाही अशा थाटात चालू होणारी गाडी नको वाटते.

काका एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. गाडी 1996 ची, एमएच 11 पासिंग, कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारं जुनं यंत्र) छोटी मोटार. पंधरा वर्षांनंतर 2011, 2016 आणि 2021 असं तीनदा नोंदणीचं नूतनीकरण झालेली, पण आत बसलं की सीटला अजून भेग नाही. महिन्यातून दोनदा साताऱ्याहून पुण्याला लेकीकडे जायचं आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं, एवढंच तिचं काम. बाकी दिवस मंडई, बँक, दवाखाना.

तक्रार अशी की पुण्याला जाताना पाचवड मागं टाकलं की सुरूर फाट्याच्या आसपास गाडी मरते. येताना शिरवळ ते खंबाटकीचा चढ यांच्या मध्ये कुठंतरी मरते. गावात कधीच नाही.

माझ्याकडे यायच्या आधी दोन गॅरेजं झाली होती. एकानं ठिणगीसाठी करंट देणारे कॉइल आणि कंडेन्सर बदलले. दुसऱ्यानं कार्बोरेटर खोलून किट टाकलं, टाकीतून पेट्रोल ओढणारा गाडीतला पंप नवा बसवला, फिल्टर बदलला आणि तरीही गाडी थांबली तेव्हा खापर इथेनॉलवर फोडलं. हल्ली हे सोयीचं झालंय. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून जुनी गाडी खोकली तरी लोक पेट्रोल भरायच्या पंपाकडे बोट दाखवतात. अगदीच खोटं नाही म्हणा. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि पंपातला डायफ्रॅम म्हणजे पातळ पडदा त्यानं फुगतात, इथेनॉल पाणीही ओढून घेतं. पण इथेनॉलला सुरूर फाटा कसा कळावा?

काकांचं स्वतःचं निदान वेगळं होतं. पंप तापतो, नळीत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी अडते. कार्बोरेटरच्या जमान्यातला हा खरा आजार आहे. पंप इंजिनलाच चिकटलेला असतो, त्यामुळे उन्हाळ्यात घाट चढताना असं व्हायचं. त्यावर उपायही जुनाच, पंपावर ओलं फडकं. काका तेच करत. बॉनेट उघडायचं, बाटलीतल्या पाण्यानं फडकं भिजवून पंपावर टाकायचं, समोरच्या टपरीवर चहा घ्यायचा आणि वीस मिनिटांनी सेल्फ मारायचा. गाडी चालू. म्हणजे फडक्यानं काम केलं, असा त्यांचा ठाम विश्वास.

"बंद पडते म्हणजे कशी? बटण दाबल्यासारखी, की आचके देत?"

"आचके देत. आधी पिकअप जातो, मग गचके बसतात, मग संपतं."

इथं माझं निम्मं काम झालं. करंट गेला तर गाडी एका क्षणात मरते, तिला गचके द्यायलाही सवड मिळत नाही. पेट्रोल कमी पडत गेलं की ती आचके देत जाते. कॉइल-कंडेन्सरचे पैसे फुकट गेले होते, पण ते मी बोललो नाही.

मग काकांनी पिशवीतून एक वही काढली. तीस वर्षं वेबिल, म्हणजे फेरीच्या हिशेबाचा कागद, भरलेला माणूस. तारीख, किलोमीटरचा आकडा, किती लिटर घातलं, कुठं घातलं, कुठं बंद पडली, किती मिनिटं थांबलो, सगळं रकाने आखून लिहिलेलं. शेवटचा रकाना 'कारण', तो सगळीकडे कोरा.

मी वही घेऊन बाकावर बसलो. पहिल्यांदा सापडली ती जानेवारीतली नोंद. पहाटे साडेसहा, कडाक्याची थंडी, तरीही सुरूरच्या अलीकडे बंद. वाफेची गोष्ट तिथंच ढिली झाली. मग मी बोट ठेवून एकेक ओळ खाली येत गेलो. जिथं जिथं 'बंद' लिहिलं होतं, त्याच्या वरच्या ओळीत दर वेळी एकच शब्द होता, 'फुल्ल'. साताऱ्यातून निघताना टाकी फुल्ल, पुण्यातून निघताना पुन्हा टाकी फुल्ल. गावातल्या फेऱ्यांना मात्र दोनशेचं टाक, तीनशेचं टाक. रस्त्याचा, घाटाचा, उन्हाचा काहीच संबंध नव्हता. टाकी भरली की गाडी बंद पडत होती.

"काका, एकदा फुल्ल करा आणि चला माझ्याबरोबर."

"म्हणजे मुद्दाम बंद पाडायची?"

"हो, मुद्दाम."

महामार्गाला लागलो. मी चालवत होतो, काका शेजारी वही मांडीवर घेऊन. पाचवड गेलं तसे ते गप्प झाले. आणखी थोडं पुढं गेल्यावर पायाखाली पेडल पोकळ लागायला लागलं. दाबतोय पण ओढ नाही. पहिला गचका, दुसरा, आणि मी डावीकडे घेत घेत कडेला लावली तेव्हा इंजिन मेलं होतं. काकांनी घड्याळ बघून वेळ लिहिली.

बॉनेट उघडलं. या कार्बोरेटरच्या पोटाला एक छोटी गोल काच असते, तीत पेट्रोलची पातळी दिसते. रेघेवर हवी होती, ती तळाला गेलेली. एवढ्यात काका बाटली आणि फडकं घेऊन आले.

"राहू द्या. आज फडकं नको," मी म्हणालो आणि गाडीच्या मागं गेलो.

खिशात वर्तमानपत्राची बोटभर रुंदीची पट्टी होती. टाकीचं झाकण फिरवायला गेलो तर हलेना. लोणच्याची बरणी महिनाभर बंद राहिली की तिचं झाकण बसतं तसं बसलेलं. दोन्ही हातांनी पीळ दिला तेव्हा थोडं सैल झालं आणि आवाज आला, सूंऽऽऽ, चांगला लांबलचक. पट्टी फटीजवळ धरली. हवा बाहेर येत असती तर ती फडफडली असती. ती आत ओढली गेली आणि फटीला चिकटून बसली. काका वाकून बघत होते. मी झाकण पूर्ण काढलं, पुन्हा लावलं आणि जाऊन सेल्फ मारला. आठ-दहा सेकंद नुसता फिरला, काचेत पातळी चढली आणि गाडी चालू. चहा नाही, फडकं नाही, वीस मिनिटं नाहीत.

गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा फोडताना आपण दोन भोकं पाडतो. एकच पाडलं तर तेल गचके देत येतं, कारण तेल बाहेर यायचं तर तेवढी हवा आत जायला हवी. गाडीच्या टाकीचंही तेच. या गाडीच्या झाकणाला भोक नाही, हवा आत घ्यायला टाकीला वेगळी बारीक नळी आहे. ती तुंबली की पंप पेट्रोल ओढतो, आत हवा येत नाही, टाकीत ओढ तयार होते आणि शेवटी पंप हरतो. टाकी असते तीसेक लिटरची. तोंडापर्यंत भरली की वर दोनेक लिटर हवेची जागा उरते. दोन लिटर पेट्रोल जळलं की तेवढीच हवा चार लिटरच्या जागेत ताणली जाते. टाकी अर्धी रिकामी असेल तर वर पंधरा लिटर हवा असते, तिला दोन लिटरचं काय? शिवाय गावात दर दोन दिवसांनी पंपावर झाकण उघडत होतं. आणि गॅरेजमध्ये आल्यावर प्रत्येक मेस्त्रीनं, मी धरून, पहिलं काम केलं ते झाकण उघडून आत पेट्रोल आहे का बघायचं. पुरावा आम्हीच सोडून देत होतो.

गॅरेजला येऊन मागचं चाक काढलं, चाकाच्या पोकळीत वर लपलेली ती नळी सोडवली. कॉम्प्रेसरची हवा मारली, पार होईना. पोरानं ब्लेडनं उभी चिरली. आत बोटाच्या पेराएवढा मातीचा बूच. वाळलेला, गुळगुळीत, कुणीतरी सवडीनं लिंपल्यासारखा. त्याच्यामागं सुकून काळ्या पडलेल्या चार-पाच बारीक अळ्या आणि पुन्हा माती.

"कुंभारीण!" पोरगं ओरडलं.

कुंभारीण माशी पोकळ जागा दिसली की आत अंडं घालते, पिल्लासाठी अळ्या कोंबते आणि तोंड मातीनं लिंपते. दाराची कडी, पंख्याचं भोक, तिला काहीही चालतं. काकांना विचारलं तर कळलं, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गाडी पाच महिने पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. त्यानंतरच्या पहिल्याच पुण्याच्या फेरीला वहीत पहिला 'बंद' होता. मातीचा बूच रबरासारखा पक्का नसतो, त्यातून हवा हळूहळू झिरपते. म्हणून वीस मिनिटांत गाडी शुद्धीवर यायची आणि श्रेय फडक्याला जायचं.

माझा पुतण्या पुण्यात इंजिनियर आहे. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, 2011 साली मझदा कंपनीनं उत्तर अमेरिकेत हजारो गाड्या परत बोलावल्या होत्या, टाकीच्या हवेच्या नळीत कोळी जाळं विणत होता म्हणून. ऐकून बरं वाटलं. आपल्याकडे निदान एकच गाडी होती.

नवी नळी टाकली. तिच्या तोंडाला चहाच्या जुन्या गाळणीची जाळी तारेनं आवळून बसवली. बिल दोनशे वीस रुपये. काकांनी वही उघडून आधीच्या दोन गॅरेजांची बेरीज मला दाखवली. मी ती बघितली नाही असं केलं.

पुढच्या रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "मेस्त्री, सुरूर फाट्यावर आहे."

माझ्या पोटात पुन्हा गोळा. "बंद पडली?"

"छे. टपरीवाल्यानं हात केला, थांबलो."