डबलबारीची सीडी लिनक्सवर वाजवताना

ऑडिओ सीडीवर फाइली नसतात. लिनक्सच्या संगणकावर सीडी वाजत नसेल तर आधी हे लक्षात घ्यावं, मग बाकीचा गुंता बराच सुटतो.

वेंगुर्ल्याला मामांच्या कपाटात डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या आमनेसामने रंगणाऱ्या भजनांच्या सीडी आहेत. जत्रेत रंगलेल्या बाऱ्या स्टुडिओवाल्याने जागेवरच रेकॉर्ड करून कोऱ्या सीडींवर उतरवून दिलेल्या. त्यातल्या काहींत पखवाजावर स्वतः मामा आहेत. या सीडी बाजारात कुठेही मिळणार नाहीत, नेटवरही नाहीत. घरातला सीडी प्लेअर खाऱ्या हवेने केव्हाच गेला. उरला माझा डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) घातलेला डेस्कटॉप, कारण त्याला अजून डीव्हीडी रायटर आहे.

सीडी घातली, ड्राइव्ह फिरला आणि पडद्यावर संदेश आला की डिस्क माउंट करता येत नाही, म्हणजे तिच्यातल्या फाइली उघडायला ती जोडून घेता येत नाही. मामा म्हणाले, "गेली ती. पावसात बुरशी इली आसतली."

पण माउंट न होणं हा बिघाड नव्हताच. डेटा सीडीवर फाइल सिस्टिम, म्हणजे फाइलींची मांडणी असते, म्हणून ती माउंट होते. ऑडिओ सीडीचे नियम फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० मध्ये ठरवले, त्यात फाइल हा प्रकारच नाही. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, डावा-उजवा असे दोन चॅनेल, आणि कोणतं गाणं कुठे सुरू होतं याची सुरुवातीला एक यादी. बस्स. कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा लॉग पाहिला तर तिथे 'इल्लीगल मोड फॉर धिस ट्रॅक' अशा ओळी होत्या. वाचून धडकी भरते, पण अर्थ इतकाच की कोणीतरी हा ट्रॅक डेटा समजून वाचायला गेलं आणि ड्राइव्हने नकार दिला. म्हणजे ड्राइव्हला ही ऑडिओ सीडी आहे हे नीट कळलं होतं. तो लॉग पाहून माझी आशा वाढली.

मग टर्मिनलमध्ये सीडीपॅरानोइया या ऑडिओ सीडी उतरवून घेणाऱ्या प्रोग्रामला फक्त यादी मागितली (डॅश आणि मोठा क्यू). सगळे ट्रॅक, त्यांची लांबी, सुरुवातीचे सेक्टर (सीडीवरचे ठरावीक मापाचे तुकडे) ओळीने आले. सीडी जिवंत आहे की नाही हे ठरवायला यापेक्षा चांगली परीक्षा मला माहीत नाही. यादी आली तर ड्राइव्ह, केबल, परवानगी हे तिन्ही ठीक आहेत असं धरायला हरकत नाही. परवानगीचा घोळ सहसा दुसऱ्या संगणकावरून लॉगिन करणाऱ्यांना होतो. त्यांनी आपलं नाव 'सीडीरॉम' गटात घालून घ्यावं. संगणकासमोर बसलेल्याला ती आपोआप मिळते.

यानंतर आलेली अडचण मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. एका जुन्या, हलक्या सीडी वाजवणाऱ्या प्रोग्रामने ट्रॅक दाखवले, सेकंद पुढे सरकू लागले, ड्राइव्ह फिरत होता आणि आवाज शून्य. मामा आतल्या खोलीतून विचारत होते, "येता काय रे आवाज? माका तो गजर आयकाचो आसा." हार्ड डिस्कवरचं दुसरं गाणं लावून पाहिलं, ते स्पीकरवर स्वच्छ वाजलं. साउंड कार्ड ठीक, सीडी ठीक, मग मधे काय अडतंय?

उत्तर जुन्या संगणकांच्या रचनेत आहे. पूर्वी सीडी ड्राइव्हच्या मागून एक बारीक ॲनालॉग वायर थेट साउंड कार्डला जायची. प्रोग्राम ड्राइव्हला फक्त 'वाजव' म्हणायचा. आकड्यांचा आवाज ड्राइव्ह स्वतः करायचा आणि त्या वायरमधून पाठवायचा. प्रोसेसरचा त्यात काहीच भाग नसे. माझ्या साटा (नव्या प्रकारच्या डेटा केबलच्या) ड्राइव्हला ती वायर जोडायची जागाच नाही. म्हणून जुन्या पद्धतीचा प्रोग्राम आज्ञा देतो, ड्राइव्ह ती पाळतो, आणि आवाज कुठेच पोचत नाही. सेकंद सरकतायत पण आवाज नाही, हे लक्षण दिसलं की आधी प्रोग्राम बदलावा. व्हीएलसी या प्लेअरमध्ये मीडिया मेन्यूतून डिस्क उघडा, ऑडिओ सीडी निवडा, डिव्हाइस म्हणून एसआर-शून्य (लिनक्समधलं सीडी ड्राइव्हचं नाव) द्या. तो सीडीवरचे आकडे डेटा केबलनेच वाचून घेतो आणि आवाज स्वतः तयार करतो. झांजा कडाडल्या तसे मामा बाहेर येऊन बसले. (तरीही आवाज नसेल तर पल्सऑडिओच्या व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये आवाज एचडीएमआयने मॉनिटरकडे तर जात नाही ना, तेवढं बघा.)

ड्राइव्हची घरघर मात्र गवळणीच्या वर ऐकू येत होती. 'इजेक्ट' या आज्ञेला डॅश आणि छोटा एक्स देऊन वेग चारवर आणला, तेव्हा शांत झालं.

शेवटच्या ट्रॅकमध्ये टकटक होती. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे शेवटचे ट्रॅक कडेला येतात आणि हाताळणीचे डाग तिथेच जास्त. साध्या पाण्यात साबणाचा थेंब टाकून, मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसली. गोल पुसू नये. मधून कडेकडे गेलेला आडवा ओरखडा वाटेत क्षणभरच येतो आणि साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचा तुटवडा सीडीची दुरुस्ती-व्यवस्था भरून काढते. गोल ओरखडा मात्र वाचण्याच्या वाटेवरच धावतो. लेबलाची बाजू तर त्याहून जपावी. खालचं प्लास्टिक मिलिमीटरहून जाड असतं, वर मात्र पातळ थराखालीच सगळी माहिती आहे. त्या बाजूला बॉलपेनने नावं लिहिलेल्या सीडी बघवत नाहीत.

पुसल्यावर लगेच सगळी सीडी संगणकावर उतरवायला घेतली. सीडीपॅरानोइया हा व्हॉर्बिस हा ऑडिओ फॉरमॅट घडवणाऱ्या ख्रिस्तोफर माँटगोमेरी यांचा प्रोग्राम. तो का लागतो? डेटा सीडीच्या सेक्टरमध्ये २३५२ पैकी २०४८ बाइट माहितीचे, बाकीचे ओळख आणि दुरुस्तीसाठी. ऑडिओत सगळे २३५२ आवाजालाच दिलेत. चूक पकडण्याचा तो जादा थर नाही, सेक्टरचा नेमका पत्ताही नाही. म्हणून हा प्रोग्राम तुकडे एकमेकांवर चढवून पुन्हा पुन्हा वाचतो आणि जुळले तरच पुढे जातो. वेळ लागतो, लागू द्यावा. पडद्यावर हसरे चेहरे येत असतील तर सगळं ठीक. प्रत्येक ट्रॅकची वेगळी फाइल करायला सांगा. आमच्याकडे मृग लागला की वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि मग फक्त चालू ट्रॅकच वाया जातो.

तो शेवटचा ट्रॅक माझ्या ड्राइव्हवर नीट उतरेचना. शेजाऱ्यांचा जुना ड्राइव्ह मागून आणला, त्याने तो न अडखळता वाचला. एका ड्राइव्हने नाकारलेली सीडी दुसऱ्यात घालून पाहिल्याशिवाय टाकून देऊ नका.

अशा घरगुती सीडीची नावं कुठल्याही ऑनलाइन सूचीत नसतात. मामा एकेक ऐकून सांगत गेले, कुठल्या बुवांची बारी, कुठला अभंग, गजर कुठे सुरू होतो, आणि मी टाइप करत गेलो. जपायची प्रत फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गाळणारा फॉरमॅट), दोन वेगळ्या डिस्कवर ठेवली आहे. मामांचा स्पीकर फ्लॅक वाजवत नाही, त्यांच्या पेन ड्राइव्हवर एमपी-थ्री दिल्या.