मेकफाइलची दुसरी ओळ

सकाळी अकराची बॅच. सिस्टीम प्रोग्रॅमिंगचं प्रॅक्टिकल, दुसऱ्या वर्षाची वीसेक मुलं, सगळ्या मशीनवर उबुंटू. त्या दिवशीचा विषय 'मेक', म्हणजे प्रोग्रॅम बांधायच्या कमांड आपणहून चालवणारं साधन: सीच्या दोन फायली वेगवेगळ्या कंपाइल करून जोडायच्या आणि ते सगळं मेकफाइलमध्ये, म्हणजे मेक वाचतो त्या सूचनांच्या फाइलमध्ये, मांडायचं. हँडआउट मी आदल्या रात्रीच कॉलेजच्या आतल्या पानावर चढवलं होतं. रंगीत, दिसायला देखणं. थोडा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू!

या रंगांमागे एक फजिती आहे. आधीच्या सत्रात मी सीचा प्रोग्रॅम उचलून तसाच वेबपानात चिकटवला होता. टोकदार कंसात काही दिसलं की ब्राउझरला तो टॅग, म्हणजे पान कसं मांडायचं याची खूण वाटते. 'इन्क्लूड'पुढची हेडर फाइल त्याने गिळून टाकली आणि पानावर उरलं नुसतं 'हॅश इन्क्लूड'. मुलांनी तेच इमानेइतबारे जर्नलमध्ये उतरवलं. तेव्हापासून मी विम या एडिटरची 'टूएचटीएमएल' कमांड वापरते, ती उघड्या फाइलचं वेबपान करून देते. एडिटरमध्ये जे रंग दिसतात तेच पानावर येतात, टोकदार कंस नीट एस्केप होतात, म्हणजे ब्राउझर त्यांना टॅग समजत नाही, आणि कोड मोकळ्या जागा जशाच्या तशा ठेवणाऱ्या 'प्री' टॅगमध्ये बसतो. (विममध्ये ओळींची घडी, म्हणजे फोल्ड, मिटलेली असेल तर पानावरही मिटलेलीच जाते, चौदा ओळींच्या जागी एक पट्टी. तेही करून झालंय.)

साडेअकराला पहिला हात वर. "मॅडम, मेक चालत नाहीये."

स्क्रीनवर मेकफाइल, ओळ २, तीन चांदण्या, 'मिसिंग सेपरेटर. स्टॉप.' मी शेजारच्याकडे वळले, तिथेही तेच. पाच मिनिटांत लॅबभर तेच.

मेक वापरणारा कुणीही म्हणेल, टॅब बघा. कमांडची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते, स्पेस चालत नाहीत. स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली बेल लॅब्जमध्ये मेक लिहिलं तेव्हापासूनचं हे लचांड. टॅबचा त्रास त्यांच्या ध्यानात आला तोवर डझनभर मंडळी मेक वापरायला लागली होती. त्यांच्या चालू फायली मोडायला नकोत म्हणून टॅब तसाच राहिला. आपण अजून निस्तरतोय.

पण माझ्या फाइलमध्ये टॅब होता, रात्री चालवूनच पान केलं होतं. शिवाय उबुंटूवरच्या मेकला, म्हणजे ग्नू मेकला, आठ स्पेस दिसल्या तर तो स्वतःहून विचारतो, 'आठ स्पेसऐवजी टॅब म्हणायचंय का?' इथे असा प्रश्न नव्हता. म्हणून टॅबवर मी काट मारली आणि भलत्याच वाटेला लागले. विंडोज ओळीच्या शेवटी घालतं ती न दिसणारी चिन्हं आलीत का, फाइलचं नाव चुकलंय का. वीस मिनिटं गेली.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, माझं चाललं."

तिच्या माउसचं डावं बटण मेलेलं होतं. कॉपी करता येईना म्हणून बिचारीने पानात बघून सगळं हाताने टाइप केलं होतं.

मी तिच्या आणि शेजारच्या मुलाच्या मशीनवर फाइल दाखवणाऱ्या 'कॅट' कमांडला मोठ्या 'ए'चा ऑप्शन देऊन फाइल स्क्रीनवर छापली, त्यात न दिसणारी चिन्हंही दिसतात. तिच्या दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला टोपीचं चिन्ह आणि कॅपिटल आय, म्हणजे खरा टॅब. शेजारच्या मुलाच्या फाइलमध्ये तिथे मोकळी जागा. कर्सर नेऊन मोजली: चार स्पेस. माझ्या पेनड्राइव्हवरच्या मूळ फाइलमध्ये टॅब. म्हणजे वाटेत कुठेतरी माझाच हात लागला होता.

विमच्या हेल्पमध्ये हे स्वच्छ लिहिलेलं आहे, मी वाचलं नव्हतं एवढंच. टॅबस्टॉप (एक टॅब किती घरांचा दाखवायचा तो आकडा) ८ नसेल किंवा पानात ओळींचे आकडे असतील, तर 'टूएचटीएमएल' आपणहून टॅबच्या जागी तितक्या स्पेस भरतो. ब्राउझर टॅब आठ घरांचा काढतो. स्पेस भरल्या नाहीत तर पान एडिटरसारखं दिसणार कसं? माझा टॅबस्टॉप ४. म्हणून स्पेसही चार, आणि सुरुवातीला निदान आठ असल्याशिवाय मेक तो प्रश्न विचारत नाही. आठवरच ठेवला असता तर टॅब तसाच गेला असता.

टॅबच्या जागी स्पेस भरणारी विमची सेटिंग 'एचटीएमएल_एक्स्पांड_टॅब्स' शून्य केली, पान नव्याने काढलं, सीएसएसमध्ये, म्हणजे पानाच्या दिसण्याच्या नियमांत, टॅबची रुंदी चार अशी एक ओळ हाताने घातली. पान रिफ्रेश करून पुन्हा कॉपी केल्यावर एकेक मशीन चालायला लागलं. बारा वीस झाले होते. जर्नलवर सह्या पुढच्या वेळी.

मुलं बाहेर पडत होती तेव्हा लॅबचे मामा नवा माउस घेऊन आले. शेवटच्या बाकावरची म्हणाली, "मामा, राहू द्या तो जुनाच."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लावा.