बाबांना घेऊन सिंगापूरच्या रात्रीच्या शर्यतीला

सिंगापूर ग्रां प्री ही फॉर्म्युला वन या मोटारशर्यतींमधली पहिली रात्रीची शर्यत. 2008 साली सुरू झाली तेव्हापासून आमच्या घरी ती टीव्हीवर बघितली जाते. तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे साडेपाच, बाबांच्या चहाची वेळ. 2024 मध्ये ती प्रत्यक्ष बघायला जायचं ठरलं तेव्हा बाबांनी एकच अट घातली: घरचे गणपती सोडून यायचं नाही. पंचांग आमच्या बाजूने निघालं. अनंत चतुर्दशी मंगळवारी 17 सप्टेंबरला, सराव फेऱ्या शुक्रवारी 20 ला आणि शर्यत रविवारी 22 ला.

या प्रवासात खरी कसरत असते ती क्रमाची. शर्यतीचं तिकीट, विमान आणि हॉटेल हे सगळं कित्येक महिने आधी घ्यावं लागतं, कारण त्या आठवड्यात ट्रॅकजवळच्या मरीना बे परिसरातल्या खोल्यांचे भाव भलतेच चढतात. व्हिसाचा अर्ज मात्र सिंगापूरला पोचण्याच्या आधीच्या तीस दिवसांतच करता येतो. म्हणजे पैसे आधी आणि परवानगी नंतर. म्हणून हॉटेल असं निवडलं की आयत्या वेळी रद्द केलं तरी पैसे परत मिळतील. भाडं थोडं जास्त पडलं, पण झोप शांत लागली. अर्ज अधिकृत एजंटामार्फत द्यायचा असतो. त्या तीस दिवसांतच गणपतीच्या सुट्ट्या येत होत्या, म्हणून मुदत सुरू झाल्याबरोबर, ऑगस्टमध्येच कागद दिले. दुसरा कागद म्हणजे एसजी अरायव्हल कार्ड, सिंगापूरला पोचण्याआधी भरायचा फॉर्म. ते पोचण्याच्या दिवसासह तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं. आम्ही गुरुवारी उतरणार होतो, त्यामुळे ते विसर्जनाच्या दिवशी, मिरवणुकीला निघण्याआधी भरलं. सिंगापूर सरकारच्या संकेतस्थळावर ते फुकट आहे. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या आणि पैसे मागणाऱ्या साइटपासून सांभाळा.

तिकिटावर आम्ही बरेच दिवस खल केला. ट्रॅकचा परिसर चार झोनमध्ये विभागलेला असतो. वॉकअबाउट तिकीट स्वस्त पडतं, पण त्यात खुर्ची नसते. उभं राहायची चांगली जागा लवकर येऊन धरावी लागते. सत्तरीच्या माणसाला दमट हवेत तासन् तास उभं करणं मला मान्य नव्हतं. म्हणून झोन 4 मधल्या पडांग मैदानावरचं ग्रँडस्टँड, म्हणजे खुर्च्यांची गॅलरी घेतली. तिथे ओव्हरटेकिंग फारसं दिसत नाही हे खरं. गाड्या सेंट अँड्र्यूज रोडवरून नवव्या वळणाकडून दहाव्याकडे सुसाट जातात आणि बाकीची शर्यत मोठ्या पडद्यावर बघायची. पण बाबांना पडांगच हवं होतं. याच मैदानावर 5 जुलै 1943 रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सेनेची पाहणी केली आणि ‘चलो दिल्ली’ची हाक दिली. समोरची ती खांबांची इमारत तेव्हाची नगरपालिका. पुढे ती सिटी हॉल झाली आणि आता तिथे नॅशनल गॅलरी आहे. पहिल्या सरावाला गाड्या यायच्या आधी बाबा तिच्याकडेच बघत बसले होते. त्यांच्यासाठी तिकिटाचे अर्धे पैसे तिथेच वसूल झाले.

हॉटेल ट्रॅकजवळ न घेता लिटल इंडियात घेतलं, आणि हा निर्णय मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तिथून एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने एक स्टेशन धोबी घाट, गाडी बदलून पुढचं स्टेशन सिटी हॉल. वर आलं की ग्रँडस्टँड चालत. शर्यतीसाठी आसपासचे रस्ते बंद असतात, त्यामुळे टॅक्सीचा भरवसा धरू नये. शिवाय तिथे सेरांगून रोडवर 1947 पासूनचं कोमला विलास हे उपाहारगृह आहे. शाकाहारी माणसाची जेवणाची काळजी तिथे मिटते.

टीव्हीवर ऐकलं होतं की ड्रायव्हर आणि टीम सिंगापूरमध्ये युरोपच्याच वेळेप्रमाणे राहतात. पहाटे झोपतात, दुपारी उठतात. मग आपण तरी अडीच तासांच्या फरकासाठी शरीराची सवय का बदलायची? बाबांनी मनगटावरचं घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवलं. शुक्रवारी आणि शनिवारी सराव तिथल्या संध्याकाळी साडेपाचला, पुढचं सत्र रात्री नऊला. सकाळ मोकळी. आमच्या आठला, म्हणजे तिथल्या साडेदहाला निघून बोटॅनिक गार्डन्स केलं. लिटल इंडियाहून डाउनटाउन लाइनने ते थेट लागतं. दुपारी खोलीवर येऊन झोप. मरीना बे आणि गार्डन्स बाय द बे सोमवारसाठी ठेवलं. तीन रात्रींच्या शर्यतीला दिवसभराचं स्थलदर्शन जोडलं की रविवारपर्यंत माणूस थकतो आणि ज्यासाठी आलो तेच डोळ्यांवरून निघून जातं.

रविवारी 62 फेऱ्या. ड्रायव्हर लँडो नॉरिस पहिल्या क्रमांकावरून सुटला आणि कुणाच्या हाती लागला नाही. दुसऱ्या आलेल्या वेरस्टॅपेनच्या वीसहून अधिक सेकंद पुढे राहून जिंकला. मधे दोनदा नॉरिस भिंतीला घासला तेव्हा अख्खं स्टँड एका सुरात ओरडलं. सिंगापूरच्या शर्यतीच्या इतिहासात प्रथमच सेफ्टी कार, म्हणजे अपघात झाला की सगळ्यांचा वेग आवरायला पुढे येणारी गाडी, आली नाही. बाबा तिची वाट बघत होते, कारण ती आली की गाड्या एकमेकींच्या मागे येऊन सगळं नव्याने रंगतं. शेवटी शेवटी डॅनियल रिकार्डोने सगळ्यात वेगवान फेरी मारली. ती त्याची शेवटची फॉर्म्युला वन शर्यत होती, हे काही दिवसांनी जाहीर झालं. बाबांना तो फार आवडतो. त्याची ती फेरी समोर बसून बघितली, हे ते आता भेटेल त्याला सांगतात.

वडीलधाऱ्यांना नेणाऱ्यांसाठी थोडं. कानात घालायला बोळे हवेतच; इमारतींच्या मधे आवाज कोंडतो. छत्रीऐवजी रेनकोट घ्या, छत्री उघडली की मागच्याला काही दिसत नाही. पायात जुने, सवयीचे बूट. शर्यत संपली की सगळे एकदम सिटी हॉलकडे निघतात, पण त्याच वेळी पडांगच्या मंचावर गाणी सुरू होतात. आम्ही अर्धा तास तिथेच बसून राहिलो. गर्दी ओसरल्यावर लिफ्टने खाली उतरलो आणि डब्यात बाबांना बसायला जागा मिळाली. परतीचं विमान सोमवारी रात्रीचं घ्या, सकाळचं स्वस्त मिळत असलं तरी.